पर्वरीचं भाड्याचं घर, जुन्या वस्तू आणि हाताने केलेले दिवे: सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गोव्यात पर्वरीला भाड्याच्या टू बीएचकेमध्ये नुकतेच राहायला आलात, तुम्ही दोघं नि सासूबाई. भिंती पांढऱ्याफटक, प्रत्येक खोलीत एलईडी ट्यूब. शोरूमचं फर्निचर नको, हाताने केलेले दिवे आणि जुन्या बाजारातल्या वस्तू घेऊन घर लावायचंय, हातात १५,००० रुपये, घरमालक भिंतीला भोकं पाडू देत नाही आणि सासूबाई म्हणतात की हे भंगार घरात आणू नका. तर जुनं घ्यायचं पण भंगार दिसू द्यायचं नाही, हे कसं जमवायचं?

मी डिचोलीला दिवे करतो आणि जुनं फर्निचर दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. अनुभवावरून सांगतो, बहुतेक लोक चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. आधी बाजारात जातात, दोन खुर्च्या, एक पेटारा, चार पितळी भांडी घेऊन येतात आणि मग ती ट्यूबच्या उजेडात ठेवतात, आणि मग सासूबाईंचं म्हणणं खरं वाटायला लागतं. कारण छतावरून सरळ खाली पडणारा पांढरा उजेड जुन्या लाकडाचा रंगच खाऊन टाकतो, डाग तेवढा दिसतो, लाकडाची शीर दिसत नाही. तीच खुर्ची बाजूने येणाऱ्या पिवळसर उजेडात ठेवा, रंध्याचे फटके दिसतात, माणसांचा स्पर्श होऊन होऊन गुळगुळीत झालेले खुर्चीचे हात दिसतात. म्हणून आधी उजेड, मग वस्तू. पहिले दोन आठवडे एकही जुनी वस्तू घेऊ नका.

बल्ब घेताना पाकिटावर २७०० के लिहिलेलं बघा, के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप. ट्यूब बहुतेक ६५०० के असते, तो दुपारचा रंग आहे, रात्री घरात नको. ५ वॅटचा एलईडी साधारण जुन्या ४० वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो आणि एका कोपऱ्याला तेवढा पुरतो. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० किंवा वर मिळाला तर घ्याच, शिसवी लाकडातला तांबूसपणा त्याशिवाय नीट दिसत नाही. आणि सगळे बल्ब एकाच कंपनीचे एकदमच घ्या, दोन कंपन्यांचे वॉर्म कधीच सारखे नसतात, एक गुलाबी मारतो, एक हिरवट. हॉलमध्ये तीन दिवे तीन वेगवेगळ्या उंचीवर हवेत, एक जमिनीलगत, एक टेबलावर, एक उभा. बसल्यावर बल्ब डोळ्यात येता कामा नये, म्हणजे शेडची खालची कड जमिनीपासून साधारण चाळीस इंचांवर. जेवणाच्या टेबलावर टांगायचा असेल तर टेबलापासून तीस इंच वर. भोकं पाडायची नाहीत म्हणता ना, तर पंख्याच्या शेजारी बहुतेक फ्लॅटमध्ये एखादा रिकामा हुक असतो, तो वापरा, बाकी सगळे प्लगवाले दिवे. ट्यूब काढू नका, झाडू मारायला नि हरवलेली वस्तू शोधायला लागतेच, फक्त संध्याकाळी लावायची नाही.

आता हाताने करायचे दिवे. आपल्याकडे हे नवीन नाहीच, दिवाळी आली की गोव्यातल्या प्रत्येक वाड्यावर पोरं बांबूच्या काड्या तासून आकाशकंदील करत बसतात, ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे डिसेंबरात त्याच काड्यांचा स्टार होतो. तीच कला वर्षभर वापरायची. फक्त दिवाळीचा कंदील पंधरा दिवस टिकला की झालं, घरातल्या दिव्याने पावसाळा काढायला पाहिजे, आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर. माझ्या पहिल्या वर्षाचे सतरा कंदील जुलैपर्यंत बुरशीने काळे पडले, लोकांनी परत आणून दिले, मी पैसे परत केले, तेव्हापासून बांबू कच्चा वापरत नाही. बोरॅक्स तीन भाग, बोरिक ॲसिड दोन भाग, दोन्ही मिळून पाण्यात पाच टक्के, त्यात काड्या आठवडाभर बुडवून ठेवायच्या नि सावलीत सुकवायच्या. बांबू पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्यावा, त्यात पिठूळपणा कमी असतो म्हणून कीड कमी लागते, जुनी माणसं सांगायची ते खरंच आहे. कागद चिकटवायला मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, नाहीतर झुरळं खातात. मोरचूद विषारी असतं, खळीचं भांडं स्वयंपाकाचं नको, आणि घरात लहान मूल येत-जात असेल तर मोरचूद सोडाच, सरळ फेविकॉल वापरा.

कागदाच्या दिव्यात एलईडीच, साधा तारेचा बल्ब कधीही नाही. बल्बपासून कागद सगळीकडून चार-पाच बोटं तरी लांब हवा, आणि वर नि खाली उघडं ठेवायचं. एलईडी गरम होत नाही असं लोक म्हणतात पण त्याच्या बुडातलं सर्किट तापतं, बंद शेडमध्ये बल्ब लवकर जातो.

सगळ्यात सोपा दिवा म्हणजे करवंटीचा. नारळ नीट अर्धा फुटलेला घ्या, बाहेरचा काथ्या फुटक्या काचेने खरवडा, मग सँडपेपर ८०, १२०, २२० असा चढत जायचा, मास्क लावून, त्याची पूड छातीत बसते. दोन नि तीन मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडा, आधी पेन्सिलने नक्षी काढायची गरज नाही, पण भोकं एका बाजूला दाट नि दुसरीकडे विरळ करत न्या. सारख्या अंतरावर पाडली तर चाळणी दिसते. शेवटी खोबरेल तेलाचा हात. भिंतीवर जे ठिपके पडतात ना, पांढरी भिंत तिथे कामाला येते, तुमच्या त्या पांढऱ्याफटक भिंतींबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

पण माझ्या मनातला दिवा वेगळाच आहे, आणि तो गोव्यातच होऊ शकतो असं मला वाटतं. आपल्या जुन्या घरांवर मंगळुरी कौलं असतात, मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनने कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्यात मध्ये मध्ये एखादं काचेचं कौल घालायचे, स्वयंपाकघरात नाहीतर न्हाणीवर, म्हणजे दिवसा दिवा लावायला नको. त्या कौलातून, चुलीच्या धुरात, उन्हाची तिरीप खाली उतरताना ज्यांनी लहानपणी बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. आता घरं मोडून स्लॅब पडतोय नि ही काचेची कौलं परसात दगडांच्या ढिगाऱ्यात पडलेली असतात. घर मोडणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला विचारा, मला दोन-तीनशे रुपयांत मिळतात, कधी फुकटही.

साधारण सोळा इंच लांब, नऊ-साडेनऊ इंच रुंद, जाड हिरवट काच, आत हवेचे बुडबुडे. घेताना बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा आहे, ते ठेवून द्या. कोपरा उडालेला चालतो, कडेचा टवका चालतो, तडा चालत नाही, तो दिव्याच्या उबेने पुढे सरकत जातो नि एक दिवस कौल दोन तुकडे होऊन पडतं. घरी आणून सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवा, शेवाळ सुटतं. उडालेली कड वॉटर पेपरने पाण्याखाली धरून घासा, कोरडी घासायची नाही, काचेची पूड उडते. मग जुन्या वाशाचा फूटभर तुकडा घ्या, वाशाला पूर्वीच्या खिळ्यांची भोकं असतील ती तशीच राहू देत, त्यात मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, कौलाच्या जाडीपेक्षा जरा रुंद खाच मारून घ्या, खाचेत सायकलच्या ट्यूबची पट्टी नि त्यात कौल उभं. मागे होल्डर, ५ वॅटचा बल्ब, आणि सगळं भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायचं. उजेड अर्धा काचेतून पुढे येतो, अर्धा भिंतीवर मागे पसरतो. मी पहिला केला तेव्हा माझ्या आईने त्याच्यासमोर पाट टाकून जप केला, समईसमोर करायची तसा.

आता कौलाच्या बाबतीत जे सांगितलं तेच सगळ्या जुन्या वस्तूंना लावा, माझ्याकडे दुसरा नियम नाही. दोष अंगावर आहे की सांध्यात आहे, एवढंच बघायचं. पॉलिश उडालंय, कपाचा गोल डाग आहे, पितळ काळवंडलंय, खण नीट बंद होत नाही, आरसा कडेने काळा झालाय, हे सगळं अंगावरचं, राहू दे, कित्येकदा त्याचसाठी ती वस्तू घ्यायची. पण सांधा हलतोय, लाकडात जिवंत कीड आहे, वायर जुनी आहे, काचेला तडा आहे, हे दुरुस्त करता येत असेल तरच घ्या नाहीतर कितीही सुंदर असू दे, सोडून या. घर भंगारासारखं दिसतं ते डागांमुळे नाही, डुगडुगणाऱ्या खुर्चीमुळे दिसतं. पाहुणा त्यावर बसतो, ती हलते, तो अवघडून उठतो, की झालं. सासूबाईंना बाजारातली पहिली वस्तू अशी दाखवा की जिच्यावर त्या निर्धास्त बसू शकतील.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी लवकर जा, आणि हणजूणच्या बुधवारच्या बाजारात फिरा पण तिथे भाव पर्यटकांचे असतात, घासाघीस जमत असेल तर. एप्रिल-मे मध्ये सीझन संपतो, भाड्याने राहिलेले लोक गोवा सोडून जाताना सामान विकतात, तेव्हा टेबलं नि लॅम्पची बुडं चांगली मिळतात. पिशवीत लोहचुंबक, टॉर्च, मेजरिंग टेप नि एक काळा कागद ठेवा. चुंबक पितळेला चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसतं पाणी दिलंय, आणि आपल्या खाऱ्या हवेत ते दोन पावसाळ्यांत पोपडे टाकतं. टॉर्च खुर्चीच्या खालून मारा, वरून सगळे पॉलिश करतात, खाली कोणी करत नाही. टाचणीएवढी भोकं दिसली तर घाबरू नका, ती जुनी मेलेली कीड असू शकते. भोकाजवळ पिठासारखी ताजी पावडर आहे का बघा. घेतलीच तर घरात न नेता गॅलरीत पायांखाली काळा कागद घालून चार-पाच दिवस ठेवा, कागदावर पांढरी पावडर पडली तर कीड जिवंत आहे. लाकडाच्या किडीचं तयार औषध पेंटच्या दुकानात मिळतं, ते इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकात, हातमोजे घालून, उघड्यावर, आणि पुन्हा काळा कागद, तीन आठवडे. माझ्या एका गिऱ्हाइकाने हे टाळलं नि शिसवी पेटाऱ्यातली कीड शेजारच्या नव्या कपाटात गेली. वाळवी असेल तर ठोकून कळतं, लाकूड पोकळ वाजतं, ती वस्तू घ्यायचीच नाही.

वेताच्या खुर्च्या आपल्याकडे भरपूर मिळतात. विणीच्या कडेला चौकटीत एकेक भोक असेल तर ती हाताने विणलेली, सलग खाच असेल तर तयार जाळी ठोकलेली. हाताची वीण परत करायला कारागीर मिळणं कठीण झालंय, म्हणून ती फाटलेली असेल तर भाव करताना हे धरा. नुसती सैल झाली असेल तर बदलायची नाही, खुर्ची उलटी करा, खालच्या बाजूने गरम पाण्याचं फडकं मारून वेत चांगला भिजू द्या नि रात्रभर सावलीत सुकू द्या, वेत आवळतो. लोकांना हे माहीत नसतं नि चांगली वीण कापून फोम ठोकतात, मला फार वाईट वाटतं.

सांधा हलत असेल तर त्यात फेविकॉल ओतू नका, कृपा करून. जुन्या खुर्च्या सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडलेल्या असतात, जुन्या सरसावर फेविकॉल धरत नाही, आणि पुढच्या माणसाला तो सांधा उघडताही येत नाही. गरम पाण्याने सरस मऊ होतो, सांधा सोडवायचा, खरवडून पूर्ण साफ करायचा, सुकवायचा, मग नव्याने चिकटवून दोरीने आवळून चोवीस तास ठेवायचा. पॉलिश करायचंच असेल तर लाखेचं, आणि नोव्हेंबर ते मार्च एवढ्यातच. दमट हवेत लाखेवर पांढरी झाक येते, जूनमध्ये पॉलिश करून देतो म्हणणाऱ्या माणसाला नको म्हणा. आणि सगळं घासून नवं करू नका. पितळेलाही तेच, बिंबलाने (हे आपल्याकडचं आंबट फळ) नाहीतर आमसुलाने घासा पण नक्षीच्या खोबणीतला काळेपणा सोडा, त्याच्यामुळेच नक्षी उठून दिसते.

शिंपल्यांच्या जुन्या खिडक्या हा वेगळा विषय. लाकडी पट्ट्यांमध्ये चपटे शिंपले सरकवलेले असतात, काच महाग होती तेव्हाची पद्धत. एखादी झडप मिळाली तर भिंतीला टेकवून मागे एलईडी पट्टी लावा, दुधासारखा उजेड येतो, दुसऱ्या कशातूनच तसा येत नाही. एक-दोन शिंपले गेले असतील तर ती जागा रिकामी ठेवा. धुताना लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं ॲसिड काही लावायचं नाही, शिंपला विरघळतो, साधा साबण नि मऊ ब्रश. मात्र मोडलेल्या घरातली जुनी झडपच घ्या. हे शिंपले चिखलीच्या खाडीत अजून जिवंत आहेत आणि ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, नवे काढलेले कोणी विकत असेल तर हात लावू नका. तसंच देवळातली, चर्चमधली मूर्ती किंवा कोरीव तुकडा कोणी गुपचूप विकायला आणला तर घेऊ नका. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू धरली जाते, मूर्तींची नोंदणी लागते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कुणाच्या तरी देवघरातून उचललेली वस्तू आपल्या हॉलमध्ये कशाला.

आता वायर. इथे मी कुणाचं ऐकत नाही. जुना लॅम्प कितीही छान चालत असू दे, त्याची वायर, होल्डर, प्लग तिन्ही बदलायचे. मी एका दुकानातून पितळी लॅम्प घेतला होता, नवीन वायरिंग केलंय असं सांगून दिलेला, माझ्या पुतण्याने हात लावला नि फेकला गेला. उघडून बघितलं तर वायर जिथून पितळेच्या नळीतून बाहेर येते तिथे रबरी बुश, म्हणजे भोकाच्या धारेवर बसवायची रबरी कडी, नव्हतंच, वायर धारेवर घासून सोलली होती नि अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. पोराला काही झालं नाही पण मी ते विसरलेलो नाही. धातूचा दिवा असेल तर तीन तारांची वायर, ०.७५ स्क्वेअर एमएम, आयएसआय मार्क, हिरवी, म्हणजे अर्थिंगची, तार दिव्याच्या अंगाला स्क्रूने घट्ट. प्रत्येक भोकाला रबरी बुश. होल्डरच्या आत वायरला गाठ, म्हणजे बाहेरून ओढली तरी ताण स्क्रूवर येत नाही. झाल्यावर चालू करून दिव्याच्या अंगाला टेस्टर लावून बघा. बल्ब ५ वॅटचा आहे म्हणून शॉक कमी लागत नाही, लाइन २३० व्होल्टचीच असते. घरमालकाला विचारा की मीटरजवळ ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे शॉक लागायला लागला की लाइन तोडणारं स्विच, आहे का, नसेल तर तुमच्या १५,००० मधले पहिले पैसे तिथे जाऊ देत, वायरमनकडून बसवून घ्या. स्वतः वायर जोडायची सवय नसेल तर दिवा तुम्ही करा, जोडणी त्याला करू द्या, यात कमीपणा नाही.

उरलेल्या पैशांचं मी असं करीन. बल्ब, वायर, होल्डर मिळून दोन-अडीच हजार. करवंटीचे दोन आणि कौलाचा एक दिवा, सामानासकट हजार-दीड हजारात बसतात. एक चांगली वेताची खुर्ची, दुरुस्तीसकट चार हजारांपर्यंत. बाकीचे ठेवून द्या, दोन-तीन शुक्रवार नुसते फिरा, डोळा तयार होतो.

आणि सासूबाईंबद्दल. बाजारात जायच्या आधी त्यांना एकदा विचारा की त्यांच्या माहेरी, गावच्या घरी माळ्यावर काय पडलंय. तांब्याचं बुडकुलं, दांडा नसलेला कंदील, मोडका पाट, काहीतरी असतंच. पहिला दिवा त्यातूनच करा. कंदिलाची काच फुटलेली असेल तर नवी घालू नका, नुसत्या सांगाड्यात छोटा बल्ब पुरतो. तो कंदील कुणाच्या हातात असायचा, गोठ्यात न्यायचे की बलकावावर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, लटकवायचे, हे त्यांच्याकडून ऐकून घ्या नि त्यांनाच विचारा कुठे ठेवू.